राणीला एक ठिपका कमी

जयगड,
८ जुलै २०२४

यमुनाबाई शिवलकर यांस,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी राजश्री साळवी, तुमच्या सानवीची पहिलीची बाई. फोनच करणार होते, पण विनोदराव म्हणाले, आईला फोनवर ऐकू येत नाही, ती नुसतं 'हां, हां' करते आणि शेवटी विचारते, कोण बोलतंय. म्हणून हे पत्र.

तक्रार आहे, आणि ती थेट तुमच्यावर. गेल्या आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब वर्ग बघायला आले. मुलांना अंक ओळखता येतात का, म्हणून त्यांनी फळ्यावर ओळीने अंक लिहिले. दहापर्यंत मुलं खणखणीत. साहेबांनी विचारलं, "दहाच्या पुढे काय?" तुमची नात उभी राहिली आणि म्हणाली, "गुलाम!" साहेब म्हणाले, "काय?" तर सगळा वर्ग एका सुरात, "गुलाम, राणी, राजा!" मधल्या सुट्टीत तिने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

सानवीला विचारलं तर म्हणते, मुरुडच्या आजीने शिकवलं. आता तुम्हीच सांगा, अकरा-बारा-तेरा या बिचाऱ्यांना मी कुठे बसवू?

राग नाही हो. कौतुकच वाटलं. वर्गातली निम्मी मुलं अजून सहा आणि नऊमध्ये गोंधळतात आणि ही पोर नुसती नजर टाकून सांगते. कसं शिकवलंत तेवढं कळवा.

राजश्री साळवी


मुरुड, दापोली,
१७ जुलै २०२४

राजश्रीबाईंना यमुनाचा नमस्कार.

पोस्टमनने पत्र हातात दिलं तेव्हा वाटलं, कोणीतरी गेलं. हल्ली पत्र येतं ते तेराव्याचंच. वाचलं आणि एकटीच हसत सुटले. गोठ्यातली गाय मान वळवून बघायला लागली.

गुलामाचा गुन्हा कबूल. पण बाई, तुमची पुस्तकं मुलांना नुसता आकडा दाखवतात. पत्त्यावर आकडा असतो आणि तेवढेच ठिपकेही असतात. पोर आकडा विसरली तर ठिपके मोजते. मोजून कंटाळा आला की आकडा आपसूक लक्षात राहतो. सहा उलटा धरला तर नऊ होतो, ठिपके उलटे धरून वाढत नाहीत. यात दुसरं गुपित काही नाही.

'बदाम सात' शिकवा. सात मधे लावायचा, एका बाजूने सहा, पाच, चार असं उतरायचं, दुसऱ्या बाजूने आठ, नऊ, दहा असं चढायचं. ज्याला पुढचं-मागचं कळत नाही तो पान अडवून बसतो आणि बाकीचे त्याच्या नावाने शंख करतात. पटकन शिकतात. त्याहून सोपं हवं तर 'मारामारी'. दोघांनी एकेक पान टाकायचं, मोठं पान लहानाला मारतं. आमच्या घरात त्याला हेच नाव. त्यात ओरडायचं असतं. जितकं मोठ्याने ओरडाल तितकी मजा.

कानाचं म्हणाल तर डावा लग्नानंतर गेला, थंडीने. उजवा म्हातारपणाने. विनोदने मशीन घेऊन दिलंय, चांगलं महागातलं. आईवर जीव आहे त्याचा. बंदरावर क्रेन चालवतो, पण सुट्टी मिळाली की दोन फेरीबोटी बदलून मला बघायला येतो. दीपालीही गुणाची. सून अशी की तोंडातून शब्द नाही.

अकरा कुठे बसवायचा ते तुम्ही बघा. शिकलेल्या आहात.

यमुना शिवलकर


जयगड,
१२ ऑगस्ट २०२४

यमुनाकाकी,

तुमच्या पत्राने वर्गात धुमाकूळ घातलाय. जुगाराचे पत्ते शाळेत नकोत म्हणून आम्ही आमचे बनवले. आंब्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. आमच्या खिचडीवाल्या हौसाकाकींनी वाटीभर कोकमाचं आगळ दिलं आणि मुलांनी त्यात बोटं बुडवून ठिपके उमटवले. दोन दिवस पानांना मुंग्या लागल्या, तरी कोणी ती टाकू देईना. तुमच्या गुलामावरही तोड काढली आहे. गुलामाला अकरा ठिपके, राणीला बारा, राजाला तेरा. आता दहाच्या पुढे काय म्हटलं की मुलं म्हणतात, "अकरा गुलाम!" चालेल एवढं.

'मारामारी' सगळ्यात आवडती. आवाज बंदरापर्यंत जात असेल.

सानवीचे प्रश्न तुम्हाला कळवल्याशिवाय राहवत नाही. परवा म्हणाली, "बाई, राजा राणीला का मारतो?" मी म्हटलं, त्याला एक ठिपका जास्त असतो ना, म्हणून. दोन्ही पानांवरचे ठिपके मोजले आणि म्हणाली, "मग राणीने एक ठिपका कुठून आणायचा?" काकी, बेरजेचा धडा मी अजून काढलासुद्धा नाही, आणि ही तिथे जाऊन पोचली. शाळा सुटताना पुन्हा आली. "राजाची आई कुठल्या पानावर असते?" मी हरले. हे उत्तर तुमच्याकडून घेऊन देते म्हटलंय.

राजश्री


मुरुड,
२१ ऑगस्ट २०२४

राजश्रीबाई,

आगळाचे ठिपके वाचून बरं वाटलं. गणपती तोंडावर आलेत, भिंती सारवणं-रंगवणं चाललंय, म्हणून थोडक्यात लिहिते.

राजाला ठिपका जास्त असतो म्हणून तो मारतो, हे तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. खेळच तसा आहे. राजाच्या आईचं मला माहीत नाही. पोरीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत बसू नका, तिला सवय लागेल.

गणपतीला ती तिघं येतील. मोदकांना नारळ काढून ठेवलेत.

यमुना


जयगड,
२७ सप्टेंबर २०२४

यमुनाकाकी,

'मारामारी' बंद केली. का ते सांगते.

सोमवारी वर्गातल्या दर्शनने सानवीच्या राणीवर राजा टाकला आणि रोजच्यासारखा ओरडला, "मारली! राणी मारली!" सानवीने टोक केलेली पेन्सिल उचलली आणि त्याच्या गालात खुपसली. टोक आत मोडलं. रक्त त्याच्या शर्टावर, पानांवर, माझ्या साडीवर. मी तिला मागून धरलं तर माझ्या हाताला कडकडून चावली. मग राजाचं पान तोंडात कोंबलं, चावून चावून लगदा केला आणि थुंकून अगदी शांतपणे म्हणाली, "आता नाही मारणार."

मुलाचा डोळा वाचला हे नशीब. आरोग्य केंद्रात टोक काढलं, टाके पडले. त्याची आई शाळेत येऊन जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

काकी, स्पष्ट लिहिते. एकुलत्या नातीचे लाड करा, पण तुम्ही तिला हरायला शिकवलं नाहीत. गणपतीत तुमच्याकडून आल्यापासून ती हाताबाहेर गेली आहे. मी विनोदरावांना बोलावून घेतलं. माणूस मात्र समंजस हो. दर्शनच्या आईची हात जोडून माफी मागितली, मला म्हणाले, "बाई, शिस्त काय लावायची ती मी घरी लावतो. पोर आईच्या वळणावर गेलीय." इतका शांत बाप मी पाहिला नाही.

त्यात तुमच्या घराला ग्रहणच लागलंय. दुसऱ्या दिवशी दीपालीवहिनी जांभ्याच्या पायरीवरून घसरल्या. हाताला प्लास्टर आहे. मी म्हटलं, पावसात शेवाळ धरतं, ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या.

राजश्री


मुरुड,
५ ऑक्टोबर २०२४

राजश्रीबाई,

दर्शनच्या आईच्या पाया पडते म्हणून सांगा.

पानांतून गुलाम, राणी, राजा काढून टाका. दहापर्यंतच खेळा.

दुसरं. सानवीने काहीही केलं, कोणाला मारलं, फळा फोडला, शाळा पेटवली, तरी मला लिहा. विनोदला बोलावू नका. का ते विचारू नका. मी सांगते म्हणून एवढं ऐका.

दीपालीचा उजवा हात की डावा? उजवा असेल तर स्वयंपाक कोण करतं? तिला म्हणावं, पायरी सांभाळ.

यमुना


जयगड,
१३ नोव्हेंबर २०२४

यमुनाबाई,

काल दिवाळीनंतर शाळा उघडली. पहिल्याच तासाला दीपाली पटांगणातून धावत आली. पायात चप्पल नाही. एका बाजूचे केस मुळासकट उपटलेले, तिथली कातडी ओली लाल. ओठ फाटलेला. मुठीत काहीतरी घट्ट धरलं होतं. हौसाकाकींनी मूठ उघडली तर आत दात, तिचाच. कोणीतरी परत बसवून देईल असं वाटलं असावं तिला. हौसाकाकींनी तिला खिचडीच्या खोलीत घेतलं आणि स्वतः भाताचा मोठा डाव धरून दारात उभ्या राहिल्या. "तू आत बस गो बाय. मी हितं उबी हाय."

मी वर्गाचं दार लावून घेतलं. तेव्हा सानवी उठली, कपाटातून पानांचा डबा काढला आणि सगळ्यांना पानं वाटायला लागली. "मोठ्याने खेळा," म्हणाली, "ओरडून खेळा. मग ऐकू येत नाही." दर्शनने विचारलं, काय ऐकू येत नाही? ती म्हणाली, "मुरुडला बाबा आईला मारतात तेव्हा आजी कानातलं मशीन काढून ठेवते आणि माझ्याशी खेळते. आपल्याकडे मशीन नाही ना, म्हणून ओरडायचं."

मग तुमचा मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. "हिला चक्कर येते हो बाई, पडते मग." त्याने हात पुढे केला आणि दीपाली हौसाकाकींच्या शेजारून आपणहून बाहेर आली, त्याच्याबरोबर चालायला लागली. मी बघत राहिले. नंतर पोलिसांना फोन केला. ते तिच्या घरी जाऊन आले. तिने सांगितलं, पायरीवरून पडले. मला त्यांनी विचारलं, मारताना तुम्ही पाहिलंत का? नाही पाहिलं. मग म्हणाले, पाहिलेलं माणूस आणा.

मूर्ख मीच. मीच त्याला शाळेत बोलावलं, दुसऱ्या दिवशी तिचा हात मोडला आणि मी तिला ब्लीचिंग पावडर सुचवली. पण मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. पाहिलेलं माणूस तुम्ही आहात. पुढच्या वेळी ती दात घेऊन येणार नाही, तिला उचलून आणावं लागेल. तुम्ही काही करणार आहात, की हे पत्रही मशीन काढूनच वाचताय?

राजश्री साळवी


मुरुड,
२५ नोव्हेंबर २०२४

राजश्री,

आता अहोजाहो पुरे. तूही त्या पत्रात माझा मान ठेवला नाहीस, बरं केलंस.

होय, काढून ठेवत होते. तो तापला की पोरीला मागच्या खोलीत घ्यायची, मशीन डबीत घालायचं आणि पानं वाटायची. माझ्यापुरतं घर गप्प झालं की पोरीपुरतंही झालं, असं धरून चालले. आणि डावा कान थंडीने नाही गेला. विनोदच्या बापाच्या एका थपडेत गेला. विनोद तेव्हा सानवीएवढा होता. समोर भाकरी खात बसला होता.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले. दाभोळची फेरी, धोपाव्याहून गुहागर, मग तवसाळची फेरी. यंदा माझं मत बुडालं. तू इलेक्शन ड्यूटीवर, शाळा बंद, आणि त्याला मतदानाची सुट्टी. मशीन कानात घालून गेले. जयगडच्या धक्क्यावर वाऱ्याचा आणि इंजिनाचा एवढा आवाज, वाटलं काढून टाकावं. नाही काढलं.

विनोदच्या अंगणातच ऐकू आलं. तू कधी ऐकलंयस का गो? मारणारा ओरडत नाही. विनोद हळू, समजूत घातल्यासारखा बोलत होता. "सांगितलं होतं ना? सांगितलं होतं ना?" आणि प्रत्येक 'ना'ला तिचं डोकं भिंतीवर. दीपालीच्या तोंडून आवाज नाही. मागच्या खोलीतून सानवी तेवढी ओरडत होती, "मारली! मारली!" दोन्हीकडची पानं एकटीच टाकत होती.

मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. पाट्यावर वरवंटा होता. दीपालीची वेणी त्याने मनगटाला गुंडाळून घेतली होती. त्या मनगटावर वरवंटा घातला. हाड मोडलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. तो वळला आणि म्हणाला, "आये?" लहानपणी पडला की म्हणायचा तसंच. मी पुन्हा घातला, खांद्यावर. खोटं कशाला लिहू, तिसरा डोक्यात घालणार होते. तोंडातून रक्त गळत असताना दीपालीने माझा हात धरला. त्याला तिने वाचवलं, मी नाही.

दवाखान्यात त्याने काय सांगितलं असेल? "पायरीवरून घसरलो." आईने मारलं हे सांगायची लाज वाटली. मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "आमची पायरी भारी खोडसाळ हो डॉक्टर. सुनेलाही तीच पाडते." तिथून दीपालीला घेऊन तडक पोलीस ठाण्यात. म्हटलं, "मुलगा सुनेला मारतो. गणपतीत डोळ्यांनी पाहिलं, आज कानांनीही ऐकलं. आणि मुलाला मी मारलं. दोन्ही लिहून घ्या." हवालदार म्हणाला, "आजी, दुसरं राहू द्या." म्हटलं, "राहू देऊन देऊनच इथवर आलोय." तेव्हा दीपालीने तोंड उघडलं. लग्नापासूनचं सगळं बोलली. त्याच संध्याकाळी त्याला धरून नेला.

मुरुडला चल म्हटलं तर ती नाही म्हणाली. हौसाकडे राहते आहे. मी निघताना एवढंच विचारलं तिने, "आई, आधी का नाही आलात?" गाय शेजारी बांधली होती, तिचं निमित्त करून परत आले.

यमुना


जयगड,
१६ डिसेंबर २०२४

यमुनाकाकी,

पुन्हा काकी लिहिते आहे. त्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, पण खोडतही नाही.

दीपाली हौसाकाकींबरोबर शाळेची खिचडी शिजवते. हाताचं प्लास्टर कधीच निघालंय, पण पातेलं उचलताना दातावर दात धरते. सानवी पुन्हा पानं खेळते, फक्त 'बदाम सात'. रोज विचारते, बाबा कधी येणार? वाट बघते की भिते, मला कळत नाही. दोन्ही असेल.

आता मुद्द्याचं. कोर्टाने विनोदला जामीन मंजूर केलाय, जामीनदार मिळाला की सुटेल. त्याचा चुलतभाऊ हरिश्चंद्र बाजारात सांगत फिरतोय, काकी सातबारा घेऊन येणार, तीच जामीन राहणार. दीपालीच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती भरदिवसा दाराला कडी लावून बसते, पिशवी भरून ठेवली आहे. म्हणते, "आईच ती. सही करणारच. मी कुठे जाऊ तेवढं सांगा."

मी तुम्हाला उपदेश करणार नाही. मला मूल नाही, पोटचं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. खरं असेल तर तसं लिहा, म्हणजे तो यायच्या आत मी या दोघींना तिच्या बहिणीकडे पोचवते.

राजश्री


मुरुड,
२३ डिसेंबर २०२४

राजश्री,

खरं आहे. हरिश्चंद्र आला होता, भावकीतले दोघे घेऊन. कागद, पेन, सगळी तयारी. विनोदचा निरोपही आणला होता: आये, हात अजून दुखतो, थंडीत रात्रभर ठणकतो.

रडले मी. लपवत नाही. तान्हा असताना त्याच मनगटाला तेल चोळलंय. पेन हातात घेतलंसुद्धा. हरिश्चंद्र म्हणाला, "बस, इथे सही कर काकी. घरातली गोष्ट घरात राहील." माझा कान गेला तेव्हा माझी आई मला बघायला आली होती. तीही अगदी हेच म्हणाली होती, घरातली गोष्ट घरात ठेव. पेन परत केलं.

मग जे ओरडले तिघे! आई आहेस की कैदाशीण, म्हातारपणी पाणी कोण देणार, चितेला अग्नी कोण देणार. मशीन कानातच होतं. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दाराशी टेकवलेली कोयती उचलली. नारळ सोलायला घेतली होती गो. पण तिघेही चपला न घालताच पळाले. हरिश्चंद्राची एक अजून अंगणात पडली आहे.

आज ना उद्या त्याला दुसरा कोणी जामीन मिळेल. तो काही मला अडवता येणार नाही. पण तो दारात येईल तेव्हा दीपाली एकटी नको. गाय शेजारणीला देऊन टाकली, आंब्याच्या कलमांची राखण तिच्या मुलाला सांगितली. दीपालीला म्हणावं, माफी मागायला येत नाही, तिने बोलायलाच हवं असंही नाही. हौसाच्या उंबऱ्यात अंथरूण टाकेन. पिशवीत वरवंटा घेतलाय. जड आहे, पण फेरीवर कोणीतरी हात देईल. हे पत्र पहिल्या फेरीने जयगडला जाणाऱ्याच्या हाती देते, मागोमाग मी.

सानवीने विचारलं होतं ना, राजाची आई कुठल्या पानावर असते आणि राणीने एक ठिपका कुठून आणायचा? तेव्हा मी उत्तर टाळलं. दोन्हीचं उत्तर एकच आहे, तेवढं तिला सांग. म्हणावं, आजी निघाली आहे. फेरी वेळेवर सुटली तर दुपारच्या खिचडीला पोचते.

यमुना